नर्सरीला नव्याने शिकवायला लागलात? आधी थोडं बघत बसा

आमच्याकडे या जूनला दोन नव्या मुली जॉइन झाल्या, दोघी नुकताच डिप्लोमा करून आलेल्या, आणि पहिल्याच दिवशी दोघींच्या बॅगेत लॅमिनेट केलेल्या फ्लॅशकार्डांचा गठ्ठा. मला माझाच पहिला दिवस आठवला. मीही अशीच आले होते बारा वर्षांपूर्वी, बीकॉम झालेलं, लग्न झालेलं, मुलगी दोन वर्षांची, बालशिक्षणाचा एक वर्षाचा कोर्स केला आणि घराजवळच्या नर्सरीत साडेतीन हजारावर लागले. रात्री जागून चाळीस मिनिटांचं प्लॅनिंग केलं होतं, पोरांनी ते सात मिनिटांत संपवलं आणि उरलेला वेळ मी नुसती 'बसा खाली, बसा खाली' करत होते. तर या दोघींना चहा पिताना जे तुकड्यातुकड्यांत सांगत आलेय ते इथे लिहून काढतेय, क्रमाबिमाच्या नादी लागलेली नाहीये.

नव्या ताईची पहिल्या महिन्यातली ठरलेली काळजी म्हणजे मुलं एकमेकांत मिसळतच नाहीत हो. दोघं शेजारी बसून वाळूत खणतायत पण एकमेकांकडे बघतही नाहीत, मग ताई मध्ये पडते, 'चला दोघं मिळून डोंगर करा', आणि दोघंही रडतात. अगं, तीन वर्षांच्या मुलांचं असंच असतं. मिल्ड्रेड पार्टन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९३२ साली मुलांच्या खेळाचं निरीक्षण करून त्याचे सहा प्रकार मांडले होते, त्यात हा शेजारीशेजारी खेळायचा प्रकार आहे आणि नुसतं लांब उभं राहून दुसऱ्याचा खेळ बघणं हाही एक प्रकार आहे. कोर्समध्ये हे पाठ करून मी परीक्षेला लिहिलं होतं, मार्कही मिळाले, पण वर्गात गेल्यावर कोपऱ्यात उभी राहून बघणारी मुलगी मला 'मागे पडलेली' वाटली. ती दिवाळीपर्यंत बघतच होती आणि दिवाळीनंतर एके दिवशी सरळ भातुकलीत शिरली, सगळ्यांना ऑर्डरी सोडायला लागली, कुणाला किती पोळ्या, कुणाचा चहा बिनसाखरेचा, सगळं तिला माहीत. एवढे महिने ती तेच गोळा करत होती बहुतेक.

अजून एक मुलगा. वर्कशीटला हात लावायचा नाही. मी त्याच्या रिपोर्टात 'लक्ष कमी' असं लिहून मोकळी झाले होते. हा मुलगा डबा खाऊन झाला की सगळ्यांच्या डब्यांची झाकणं गोळा करायचा, मी त्याला रोज ओरडायचे कारण मग सगळा गोंधळ व्हायचा, आणि एकदा मावशी सुट्टीवर होत्या म्हणून मी हात टेकले आणि नुसती बघत राहिले, तर त्याने एकोणीस झाकणं बरोब्बर एकोणीस डब्यांना लावली, गोल गोलाला, चौकोनी चौकोनीला, आणि दोन सारखे स्टीलचे डबे होते तिथे झाकण उलटं करून आतला पोचा बघून कुठलं कुणाचं ते ठरवलं. आजी न्यायला आल्या तेव्हा सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, "अहो ताई, संध्याकाळी माझ्यासोबत मांडणीवरचे डबे तोच लावतो." म्हणजे मी वर्कशीटवर जोड्या जुळवायला शिकवत होते आणि पोरगा घरी रोज तेच करत होता, फक्त मला पत्ता नव्हता. तेव्हापासून मी पहिल्या मीटिंगला पालकांना तुमच्या मुलाला काय येतं हे विचारणंच सोडून दिलं, कारण मग ते वन टू टेन, एबीसीडी आणि एक श्लोक सांगतात. मी विचारते संध्याकाळी सहा ते आठ तो कुठे असतो, कुणाच्या मागे मागे असतो, त्याच्या हातात काय असतं.

कारण घरच्या खेळासाठी वेगळं काही लागतच नाही, स्वयंपाकघर लागतं. पालक हटकून विचारणार, 'मॅडम घरी काय करून घेऊ?', आणि तुम्हाला मोह होणार प्रिंटआउट द्यायचा. नका देऊ. मटार सोलायला बसवा म्हणावं. शेंग चिमटीत धरायची, अंगठ्याने दाबायची, फट्कन उघडते तेव्हाचा चेहरा बघा, मग आत किती दाणे, या शेंगेत सहा, या शेंगेत चारच, एक बारकुसा. पुढे पेन्सिल धरायला लागते ती चिमटी इथे तयार होते. कणकेचा गोळा द्या, वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे द्या, धुतलेले मोजे जोडीने लावायला द्या, बाथरूममध्ये दोन मग आणि एक गाळणी द्या. पाण्याचं तर एक भारी आहे, एका बुटक्या वाटीतलं पाणी मुलासमोरच उंच निमुळत्या ग्लासात ओता आणि विचारा आता जास्त झालं का, चार वर्षांचं मूल बहुतेक वेळा 'हो' म्हणणार. पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञांनी हेच प्रयोग करून दाखवले होते. लगेच 'अरे वेड्या, तेवढंच आहे' म्हणू नका, त्याला महिनोन् महिने ओतू दे, सांडू दे, वयाने ते कळतं, तुमच्या समजावण्याने नाही.

आता माझी चूक सांगते, कारण हे कोर्समध्ये सांगतात पण मनात उतरत नाही. दुसऱ्या वर्षी मी उत्साहात सगळ्या घरी चिठ्ठी पाठवली, मुलांना कडधान्यं वेगवेगळी करायला द्या, वाटाणे एका वाटीत, चवळी एका वाटीत. एका मुलीने वाटाणा नाकात घातला, कुणाला कळलं नाही, आणि कोरडा वाटाणा ओलाव्याने फुगतो, दुसऱ्या दिवशी नाक सुजलं तेव्हा आईला समजलं, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेऊन काढावा लागला. त्या आई माझ्यावर चिडल्या नाहीत हे त्यांचं मोठेपण, मी मात्र आठवडाभर नीट जेवले नाही. तेव्हापासून माझा नियम सोपा आहे, जे अख्खं तोंडात मावेल ते मोठं माणूस शेजारी बसल्याशिवाय मुलाच्या हातात नाही. मग ते चिंचोके असोत, सागरगोटे असोत की मटार. एकट्याने खेळायला कांदे-बटाटे, वाट्या, चमचे, झाकणं, रिकामे खोके. गाणी म्हणणाऱ्या स्वस्त खेळण्यांमधला बटणासारखा सेल निघत नाहीये ना हे तपासा, तो गिळला तर वाटाण्यापेक्षा कैकपटीने वाईट. आणि पाण्याशी खेळून झालं की बादली तिथल्या तिथे ओतून टाकायची, फोन वाजला तरी आधी बादली.

खेळणी कुठली घेऊ असं विचारतात त्यांना मी बॉल आणि खडू सांगते, संपलं.

बोलण्याबद्दल थोडं. आपण नव्या ताया आणि पालक, दोघंही एकच करतो, मूल खेळायला लागलं की त्याची तोंडी परीक्षा सुरू. हा कोणता कलर? किती आहेत? हे काय आहे? त्याला माहितीये की तुम्हाला माहितीये, मग उत्तर कशाला देईल. त्यापेक्षा दिसतंय ते बोला, 'अरे, हा तर घसरला', 'आज डोंगर ओल्या मातीचा केलास वाटतं', आणि गप्प बसा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे फार अवघड जातात हो, मला अजून जातात. आणि घरी कृपा करून घरची भाषा बोला म्हणून सांगा. 'बाळा वॉटर पी, स्पूनने खा, क्रो बघ क्रो' असं बोलतात आणि मग मूल ना धड मराठी बोलतं ना इंग्लिश. ज्या आईला लसूण, मेथी, कोथिंबीर, आंबट, तुरट, खरखरीत, गुळगुळीत एवढे शब्द येतात तिने मुलाला फक्त 'व्हेजिटेबल' द्यावं, याचं मला वाईट वाटतं.

भातुकलीत मात्र जायचं ते पाहुणी म्हणून. 'चहा मिळेल का हो?' एवढंच. मग तुम्हाला कळेल कोण खुर्चीवर बसून मोबाइल बघणारा बाबा होतं, कोण दार आपटतं, कोण बाळाला किती मायेने झोपवतं. यातलं जे दिसेल ते पोटात ठेवायचं, गेटवर उभं राहून आयांना सांगत सुटायचं नाही. खरंच काळजीचं काही वाटलं तर मोठ्या बाईंशी बोला.

बाहेरच्या खेळाचं म्हणाल तर आपल्याकडे ही काही परदेशातून आलेली फॅशन नाहीये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे १९५७ला त्या डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. महागडी माँटेसरी साधनं खेड्यात कुठून आणणार, तर बिया, पानं, शंखशिंपले, खडे यांचीच साधनं केली. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मी हे शिकले तेव्हा मला वाटलं ठीक आहे, त्यांच्याकडे टेकडी होती, आमची शाळा अपार्टमेंटच्या तळमजल्यावर, समोर पार्किंग, ग्राउंड शून्य. दोन वर्षं हेच कारण सांगत मी मुलांना आत कोंडून ठेवलं.

मग एकदा लाइट गेले, आत उकडायला लागलं, म्हणून कोपऱ्यावरच्या गणपतीच्या देवळापर्यंत नेलं. शंभर पावलं असतील. तिथे कण्हेरीचं झाड आहे आणि एका मुलीने पानाखाली चांदीचं कानातलं लटकतंय म्हणून ओरडून सगळ्यांना गोळा केलं. तो फुलपाखराचा कोष होता, कण्हेरीवर एक काळपट तपकिरी फुलपाखरू अंडी घालतं त्याचा कोष आरशासारखा चमकतो. आम्ही रोज बघायला जायला लागलो. कण्हेर विषारी असते म्हणून हात पाठीमागे बांधून बघायचं असा नियम केला आणि तो इतका पक्का झाला की मुलं घरीही टीव्हीसमोर हात मागे बांधून उभी राहायला लागली. एके सकाळी कोष काळा पडला, दुसऱ्या दिवशी नुसतं पारदर्शक टरफल. 'गेलं?' 'कुठं गेलं?' 'आईकडे.' यावर मी काही शिकवलं नाही, काय शिकवणार.

तेव्हापासून दर गुरुवारी तोच रस्ता. नव्या ताईंना वाटतं दरवेळी नवीन जागा पाहिजे, उलट आहे, तीच जागा पाहिजे म्हणजे काय बदललं ते मुलांना दिसतं, जूनमध्ये पैसा किडा, मग गोगलगाई, मग शेवाळ, थंडीत पानगळ, मार्चमध्ये वाळलेल्या शेंगांचे खुळखुळे. जाताना एक लांब दोरी घ्या, हातभर अंतरावर गाठी मारा, एका गाठीला एक मूल. दहा मुलांमागे दोन मोठी माणसं असल्याशिवाय मी निघत नाही, मॅनेजमेंट काहीही म्हणो.

आणि पार्किंगमध्येही पुष्कळ होतं. खडूने एक रेघ मारली की तळ्यात-मळ्यात. हा खेळ मला सगळ्यात आवडतो, कारण ऐकायचं, उडी मारायची, आणि दोनदा 'तळ्यात' म्हटलं की आपल्या पायांना थांबवायचं, हे शेवटचं तीन-चार वर्षांच्या मुलाला सगळ्यात अवघड. बाद कुणालाच करायचं नाही, बाद झालेलं मूल बाजूला बसून काय शिकणार. लंगडीची घाई करू नका, एका पायावर तोल नीट यायला वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एकूण १८० मिनिटं तरी हालचाल करावी, त्यात ६० मिनिटं जरा दमवणारी, आणि स्क्रीन एक तासाच्या वर नको. आमच्या शाळेचे तास तीन, त्यातला निम्मा वेळ बसून जातो, म्हणजे उरलेली जबाबदारी घराची, हे पालकांना स्पष्ट सांगा.

आता तो प्रश्न. 'मॅडम, लिहायला कधी लागणार?' ऑक्टोबरमध्ये येतोच. २०२०च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि २०२२ला याच टप्प्यासाठी आलेल्या अभ्यासक्रम आराखड्यात खेळातूनच शिकवा म्हटलंय, हे खरं आहे, पण धोरणाचं नाव काढलं की पालक घड्याळ बघायला लागतात. मी त्यांना कागद देते आणि डाव्या हाताने पानभर 'क' काढायला लावते, डावखुऱ्यांना उजव्या. वर मी मागून फिरत म्हणते, 'शेजारचीचा बघा किती सुंदर', 'रेघेवर काढा, रेघेवर'. दोन मिनिटांत हसतात, पाच मिनिटांत हात दुखतात. मग सांगते की मूल साधारण तीनला गोल काढतं, चारच्या आसपास अधिकची खूण, त्यानंतर चौकोन, आणि त्रिकोण पाचच्या पुढेमागे, आता 'क' किंवा 'झ' मध्ये काय काय आहे ते तुम्हीच बघा. बहुतेकांना पटतं. सगळ्यांना नाही, एक बाबा त्याच आठवड्यात मुलाला काढून घेऊन जिथे तीन ओळींची वही रोज भरतात तिथे घालून आले. मला राग आला, पण इलाज नाही, प्रत्येकाला थांबवता येत नाही, असं एखादं मूल दरवर्षी जाणार हे धरून चला.

पण पालकांपुढे ठेवायला तुमच्याकडे काहीतरी पाहिजेच, वही कोरी असेल तर ते विचारणारच. मी एक साधी डायरी ठेवते, रोज पाचच मुलांबद्दल दोन-दोन ओळी. त्यात 'हुशार', 'खोडकर', 'शांत' हे शब्द बंद. लिहायचं ते घडलेलं, 'मगात पाणी भरलं, तीनदा सांडलं, चौथ्यांदा काठाच्या खाली थांबवलं.' अशा पंधरा-वीस ओळी वाचून दाखवल्या की आई म्हणते, घरी पण असंच करतो, आणि मग ती सांगत सुटते, तिचंही लिहून घ्या.

पगाराबद्दल विचारू नका, बारा वर्षांनंतरही तो सांगण्यासारखा नाही, बऱ्याच जणी संध्याकाळी शिकवण्या घेतात, मीही घेते.

जूनमध्ये वर्ग मिळणार असेल तर प्रत्येक मुलाच्या नावाची पिशवी मागून घ्या, दोन जादा चड्ड्या, एक जुना टॉवेल, चिखलाचे वेगळे कपडे, आणि आयांना आधीच सांगून ठेवा की धुवायला टाकायच्या आधी खिसे तपासा. खडे असतात, कधी पानं, आणि एकदा जिवंत गोगलगाय निघाली होती, ती आईने डब्यात घालून, झाकणाला भोकं पाडून, दुसऱ्या दिवशी शाळेत परत पाठवली.