टाचांच्या भेगा: रात्रीची वीस मिनिटं

तळपायाच्या त्वचेत तेलग्रंथी नसतात. त्यात मागून उघडी चप्पल घातली की वजनाने टाच बाजूला पसरते आणि कोरडी, जाड झालेली कातडी चिरते. म्हणून नुसतं मलम चोपडून भागत नाही, आधी कातडी मऊ करावी लागते.

झोपण्यापूर्वी पाय कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं बुडवा. पाणी कढत नको, त्याने त्वचा आणखी सुकते. मग वजरी हलक्या हाताने फिरवा, तीही आठवड्यातून दोनदाच. रोज खसाखसा घासलं तर कातडी उलट जाड होते. ब्लेडने कापणं तर अजिबात नको.

पाय टिपून घ्या, बोटांच्या बेचक्याही. त्वचा किंचित ओलसर असतानाच १० ते २० टक्के युरिया असलेलं क्रीम लावा आणि सुती मोजे घाला. कोकणातलं कोकमाचं तेल, म्हणजे मुठेल, हेही उत्तम. ते घट्ट वडीसारखं असतं. तुकडा पळीत वितळवून, सोसवेल इतकं कोमट झाल्यावर भेगेत भरा. फरशीवर मात्र मोजे घातल्याशिवाय पाऊल टाकू नका, पाय सटकतो.

भेगेतून रक्त येत असेल तर वजरी आणि युरिया दोन्ही थांबवा, झोंबतं. तळव्याला खाज असून पांढरा भुगा सुटत असेल तर बुरशीची शंका घ्या, तिला वेगळं औषध लागतं. मधुमेह असलेल्यांनी पाय भिजवणं-घासणं टाळून थेट डॉक्टरांना दाखवावं.