परदेशी कॉलेजकडे आर्थिक मदत मागताना द्राक्षबागेचा हिशेब कसा मांडायचा

आर्थिक मदत लागणार असेल तर ती पहिल्या अर्जातच मागा. अमेरिकेत पदवीसाठी जायचं म्हणणाऱ्या नाशिकच्या प्रत्येक मुलामुलीला मी आधी हेच सांगते. "आधी नाव लागू दे, पैशाचं मग बघू" असं घरचे, शेजारचे, अगदी क्लासचे सरही मायेनं म्हणतात. ऐकू नका. बहुतेक अमेरिकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांसाठी नीड-अवेअर असतात, म्हणजे निवड करतानाच तुम्हाला किती मदत लागेल ते बघतात. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी अर्जात मदत मागितली नसेल तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकीच नावं गरज न बघता निवडतात आणि गरज पूर्ण भागवतात. पण केवळ त्यांच्या भरवशावर यादी बनवणं धोक्याचं आहे. परदेशी मुलांना भरघोस मदत देणारी छोटी लिबरल आर्ट्‌स कॉलेजं, म्हणजे पदवीला कला-विज्ञानाचे अनेक विषय एकत्र शिकवणारी कॉलेजं, शोधा. नातेवाइकांनी त्यांची नावं ऐकलेली नसतील, बिघडत नाही.

एसएटी परीक्षा, अर्जातले निबंध, कॉमन अ‍ॅप (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) यांवर माहिती भरपूर आहे, तुम्ही ती वाचलीच असेल. मला बोलायचंय ते शेतीच्या उत्पन्नाबद्दल, कारण मी अर्ज केला तेव्हा आमची फाइल तिथेच अडकली होती.

आमची बाग दिंडोरी तालुक्यात. मी अकरावी-बारावी नाशिकला मामांकडे राहून केली. मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल हा घरच्या पैशांची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो: पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. काही कॉलेजं त्याऐवजी फुकटचा आयएसएफएए फॉर्म घेतात, काही शुल्कमाफीही देतात, म्हणून आधी विचारा. फॉर्ममध्ये आईवडिलांचं उत्पन्न, बँकेतली शिल्लक, जमीन, तिची किंमत, कर्ज, सगळं येतं. नोकरदाराचं सोपं असतं, फॉर्म १६ आणि रिटर्न जोडला की झालं. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे शेतकऱ्याच्या घरात बहुतेकदा रिटर्नच नसतो. मग आपण सेतूतून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढतो आणि बँकेचं स्टेटमेंट जोडून मोकळे होतो.

खरा घोळ इथून पुढे. दाखल्यावर वर्षाचं उत्पन्न म्हणून एक छोटा आकडा असतो. स्टेटमेंटमध्ये मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये व्यापाऱ्याचे लाखांतले पैसे जमा झालेले दिसतात. तिकडे फाइल बघणाऱ्या माणसानं द्राक्षबाग पाहिलेली नसते. त्याला एवढंच दिसतं, की कागद एक सांगतोय आणि बँक दुसरं. आम्हाला कॉलेजकडून अगदी सभ्य भाषेत ईमेल आला: या जमा रकमा कुठून आल्या ते स्पष्ट करा. पप्पांना तो वाचून दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. खोटं काहीच नव्हतं, तरी खोटं ठरल्यासारखं वाटलं.

ढोबळ विक्री आणि निव्वळ उत्पन्न यांतला फरक आपल्याला रक्तात माहीत असतो, म्हणून आपण तो लिहीत नाही. तो लिहा. समजा चार एकर बाग आहे, ४० टन माल निघाला आणि किलोला ४५ रुपये भाव मिळाला. विक्री झाली १८ लाख. त्यातून खरड छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, डिपिंगच्या (घड औषधात बुडवणाऱ्या) टोळीची मजुरी, फवारणीची औषधं, खतं, डिझेल, मांडवाची दुरुस्ती, पीककर्जाचं व्याज वजा करा. १३ लाख गेले तर हाती पाच. हे एका पानाच्या पत्रात, तक्ता करून, पप्पांच्या सहीनं द्या. आम्ही पप्पांच्या हिशेबाच्या वह्या काढल्या. कृषी सेवा केंद्राची बिलं पानापानांत दुमडलेली होती, मजुरीचे आकडे पेन्सिलीनं लिहिलेले. त्यांचे फोटो काढून प्रत्येकाखाली इंग्रजीत एक ओळ लिहिली. अवकाळीनं मणी तडकले त्या वर्षाची वेगळी नोंद केली आणि सोबत पंचनाम्याची प्रत जोडली. ते पत्र गेल्यावर पुन्हा प्रश्न आला नाही.

वर्षाचाही गोंधळ होतो. आपला हंगाम जानेवारी ते एप्रिल, आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणजे एकाच हंगामाचे पैसे दोन वर्षांत विभागले जातात. उधारी राहिली तर तिसऱ्यातही जातात. कुठल्या हंगामाचा आकडा कुठल्या वर्षात धरलाय ते पत्रात नमूद करा. जमिनीचंही तेच. सातबाऱ्यावर आजोबा, काका, आत्या अशी सामाईक नावं असतील तर अख्ख्या क्षेत्राची किंमत लिहू नका. आठ-अ उतारा काढा, वडिलांचा हिस्सा दाखवा, बोजा असेल तर तो दाखवा. हायवेलगतच्या जमिनीचा भाव कागदावर कोटीत जातो, पण ती विकल्याशिवाय त्यातून फी निघत नाही आणि विकली तर घर कशावर चालणार, हेही स्पष्ट लिहा. ही लाचारी नाही, माहिती आहे.

मराठी कागदांची भाषांतरं नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाच्या आवारात नोटरी करून मिळतात. पण सगळं पावसाळ्यातच उरका. नियमित अर्जांची मुदत बहुधा जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि मदतीचे कागद त्याच्या आगेमागे लागतात. नेमका तेव्हाच माल काढणीला येतो. त्या दिवसांत पप्पांना तलाठ्याकडे पाठवणं शक्य नसतं.

आता कन्सल्टन्सीबद्दल. कॉलेज रोड, गंगापूर रोडला फुकट सल्ला देणारी ऑफिसं दिसतात. अशा एजंटांना बरेचदा विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, म्हणून ते त्याच विद्यापीठांची नावं पुढे करतात. पूर्ण मदत देणारी कॉलेजं त्यांच्या यादीत मला तरी कधी दिसली नाहीत. एका ठिकाणी तर उत्पन्न कमी दाखवून देतो म्हणाले. तिथून उठून या. खोटा आकडा पकडला गेला तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो. मार्गदर्शक हवाच असेल तर तुम्हाला वर्गात प्रत्यक्ष शिकवलेले शिक्षक धरा. इंटिग्रेटेडमध्ये, म्हणजे कॉलेज नावापुरतं आणि क्लासच खरा अशा ठिकाणी, दोन वर्षं नुसत्या टेस्ट देणाऱ्यांना इथे त्रास होतो, कारण शिफारसपत्र लिहायला त्यांना ओळखणारं कोणी उरत नाही. मोठ्या पदावरच्या माणसाच्या कोरड्या दोन परिच्छेदांपेक्षा, माझ्या गणिताच्या मॅडमनी मी फळ्यावर कशी भांडायचे ते लिहिलं, ते पत्र माझ्या दृष्टीनं लाख मोलाचं.

बारावीचे टक्के आहेत तसेच कळवा, स्वतःच जीपीए करत बसू नका. त्यांना बोर्डाचे गुण वाचता येतात.

कर्जावर विसंबून राहणाऱ्यांनी आधी बँकेत जाऊन या. शेतजमीन असली की कर्ज मिळेल असं आपण धरून चालतो. पण थकीत कर्जासाठी बँकेला कोर्टात न जाता तारण जप्त करू देणारा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, त्यामुळे परदेशी शिक्षणाच्या मोठ्या कर्जासाठी बँका ती सहसा तारण घेत नाहीत. एनए (बिगरशेती) प्लॉट किंवा शहरातला फ्लॅट मागतात. मामांचा फ्लॅट आहे म्हणून गृहीत धरू नका, मामींशीही बोला.

मदतीचं पत्र आलं की त्यातलं अनुदान, कर्ज आणि कॅम्पसवरच्या कामाचे पैसे वेगवेगळे मांडा. कामाचे पैसे महिनोमहिने कमावल्यावर मिळतात, ऑगस्टच्या विमानाच्या तिकिटाला ते उपयोगी पडत नाहीत. आरोग्यविमा आत आहे की बाहेर, ते बघा. कमी पडत असेल तर फेरविचाराची विनंती करता येते. विशेषतः अर्जानंतर गारपीट झाली, व्यापाऱ्यानं पैसे बुडवले, असं काही घडलं असेल तर पुराव्यासह लगेच कळवा. रक्कम वाढेलच असं नाही, पण विचारल्यामुळे आहे ती सहसा कमी होत नाही. आणि शंका असेल तर फायनान्शियल एड ऑफिसला थेट ईमेल करा, साध्या इंग्रजीत. मला तिथून माणसांनी लिहिलेली, नीट समजावणारी उत्तरं आली. फक्त नाताळच्या सुट्टीत ही ऑफिसं बंद असतात, तेव्हा तुमचे प्रश्न डिसेंबरच्या मध्याआधी पोचू द्या.