होम थिएटरच्या रिसीव्हरला संगीतासाठी स्टिरिओ ॲम्प्लिफायर कसा जोडावा

घरच्या हॉलमध्ये ५.१ चा (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर असा) संच बसवला की चित्रपट पाहण्याची हौस भागते; परंतु त्याच संचावर रात्री निवांतपणे एखादा विलंबित ख्याल लावला, म्हणजे तानपुऱ्याची जवारी कोंडल्यासारखी वाटते आणि डग्ग्याची घुमक बोथट होते, असा अनुभव अनेकांना येतो. यात रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना चालवणारी संचाची मुख्य पेटी, वाईट असतो असे नाही. पाच-सात वाहिन्यांचे ॲम्प्लिफायर, एचडीएमआयची सर्किटे, ध्वनिप्रक्रियेची चिप आणि या सर्वांना पुरणारा वीजपुरवठा एकाच पेटीत बसवायचा, तर कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो. यावर उपाय असा, की समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरांसाठी वेगळा स्टिरिओ ॲम्प्लिफायर घ्यावा आणि तो अशा रीतीने जोडावा, की चित्रपटाच्या वेळी दोन्ही यंत्रे मिळून काम करतील आणि संगीताच्या वेळी रिसीव्हर चक्क बंद राहील. रिसीव्हर बंद ठेवूनही संगीत ऐकता आले पाहिजे, हाच या खटाटोपाचा गाभा आहे.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी करून पाहाव्यात. स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबलेले असतील, तर ते बाहेर काढून भिंतीपासून किमान फूटभर पुढे ठेवावेत, आणि रिसीव्हरवर ‘प्युअर डायरेक्ट’ किंवा ‘डायरेक्ट’ असा पर्याय असल्यास तो लावून ऐकावे. एवढ्याने समाधान झाले, तर पैसे वाचले. दुसरे म्हणजे, वॉटच्या आकड्यांवर भाळू नये. ८० वॉटच्या जागी १६० वॉट आले, तरी आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची, गरज असते. नवा ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजासाठी घ्यायचा नसून स्वच्छ आणि आखूड मार्गासाठी घ्यायचा आहे, हे मनाशी पक्के असावे.

रिसीव्हरची मागची बाजू तपासा

रिसीव्हरच्या मागे ‘प्री-आऊट’ (बाहेरच्या ॲम्प्लिफायरसाठी संकेत देणारी जागा) अशा नावाखाली ‘फ्रंट एल’ आणि ‘फ्रंट आर’ ही आरसीए सॉकेटची जोडी आहे का, ते पाहावे. स्वस्त रिसीव्हरांत बहुधा फक्त सबवूफरचा प्री-आऊट असतो आणि तो इथे उपयोगाचा नाही. फ्रंटचा प्री-आऊट नसेल, तर स्पीकरच्या टर्मिनलवरून लाइन पातळीचा (ॲम्प्लिफायरला देण्याजोगा सौम्य) संकेत काढणारे कन्व्हर्टर बाजारात मिळतात. पण त्यातून रिसीव्हरच्या ॲम्प्लिफायरचे सारे गुणदोष पुढे जात असल्याने मी ते सुचवणार नाही. अशा घरी दोन्ही यंत्रे पूर्णपणे वेगळी ठेवून स्पीकर निवडणारा स्विच मध्ये बसवणे बरे. तो स्विच प्रत्येक स्पीकरच्या लाल आणि काळ्या अशा दोन्ही वायरी तोडणारा असावा.

कोणता ॲम्प्लिफायर घ्यावा

येथे थोडे थांबून विचार करावा, कारण बहुतेक चुकीची खरेदी याच टप्प्यावर होते. केवळ पॉवर ॲम्प्लिफायर, म्हणजे फक्त संकेताची शक्ती वाढवणारे यंत्र, घेतला, तर जोडणी सोपी होते. परंतु आवाजाचे नियंत्रण आणि डिजिटल-ॲनालॉग रूपांतर रिसीव्हरकडेच राहते, आणि गाणे ऐकायला दरवेळी रिसीव्हर चालू करावा लागतो. शिवाय टर्नटेबलसारखा ॲनालॉग स्रोत रिसीव्हरला जोडला, तर आजचे बहुतेक रिसीव्हर ‘डायरेक्ट’ पर्याय वगळता त्याचे आधी डिजिटलमध्ये रूपांतर करतात आणि मग पुन्हा ॲनालॉगमध्ये आणतात. म्हणून संगीतासाठी इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर, म्हणजे स्रोत निवडण्याची आणि आवाजाची सोय आतच असलेला, घ्यावा, आणि त्यातही ‘होम थिएटर बायपास’ असलेला मिळाला तर उत्तम. या इनपुटवर ॲम्प्लिफायरचे स्वतःचे व्हॉल्यूम नियंत्रण बाजूला राहते आणि रिसीव्हरकडून येईल तेवढाच संकेत ठरावीक पटीने वाढवला जातो.

काही ॲम्प्लिफायरांच्या मागे ‘प्री-आऊट’ आणि ‘मेन इन’ ही सॉकेटे धातूच्या छोट्या जंपरांनी जोडलेली असतात. जंपर काढून ‘मेन इन’ला रिसीव्हर लावला, तर चित्रपट उत्तम चालतो, परंतु ॲम्प्लिफायरचा पुढचा प्री-भाग (स्रोत आणि आवाज सांभाळणारा) त्यामुळे सुटा पडतो आणि त्याला जोडलेल्या सीडी प्लेअरचा आवाज स्पीकरपर्यंत पोहोचत नाही. हा बायपास नव्हे. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला नेमका हाच प्रश्न विचारावा.

परदेशातून नातेवाइकांकरवी ॲम्प्लिफायर आणवणार असाल, तर मागच्या पट्टीवरील व्होल्टेज वाचावे. अमेरिकेतील वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची आणि आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असल्याने स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतोच, आणि केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेले यंत्र ५० हर्ट्झवर अधिक तापते.

जोडणी

प्रथम सर्व यंत्रांचे प्लग भिंतीतून काढावेत. नुसते स्टँडबायवर ठेवून भागत नाही. समोरच्या दोन स्पीकरांच्या वायरी रिसीव्हरमधून सोडवून ॲम्प्लिफायरला जोडाव्यात. रिसीव्हरची ती दोन टर्मिनले आता मोकळीच राहतील. एकाच स्पीकरला दोन ॲम्प्लिफायर एकाच वेळी जोडणे हा या कामातील सर्वांत महागडा अपराध आहे, कारण एकाची शक्ती दुसऱ्याच्या आऊटपुटमध्ये घुसून दोन्ही जळू शकतात. वायर १.५ ते २.५ चौरस मिलिमीटर जाडीची असावी. तिचे टोक सोलल्यावर तांब्याचे तंतू बोटांत धरून घट्ट पिळावेत आणि बॅटरीच्या उजेडात पाहावे, की एकही तंतू बाहेर सुटून शेजारच्या टर्मिनलला टेकलेला नाही. बनाना प्लग लावल्यास ही धास्ती बरीच कमी होते.

त्यानंतर रिसीव्हरच्या फ्रंट प्री-आऊटमधून आरसीए केबलची जोडी ॲम्प्लिफायरच्या बायपास इनपुटला न्यावी. केबल चांगल्या शिल्डची आणि लागेल तेवढ्याच लांबीची घ्यावी. सीडी प्लेअर, टर्नटेबल, स्ट्रीमर ही संगीताची यंत्रे थेट ॲम्प्लिफायरला लावावीत, रिसीव्हरला नव्हे. मात्र बायपासच्या सॉकेटात सीडी प्लेअर चुकूनही जोडू नये, कारण तेथे व्हॉल्यूमचे नियंत्रण नसल्याने पहिल्याच सुराला आवाज कमाल पातळीवर जाईल. दोन्ही यंत्रांवर १२ व्होल्ट ट्रिगरची सॉकेटे असतील, तर ३.५ मिलिमीटरच्या मोनो केबलने ती जोडून टाकावीत, म्हणजे रिसीव्हर चालू केल्यावर ॲम्प्लिफायर आपोआप चालू होतो.

पातळी जुळवणे

आता समोरच्या स्पीकरांची पातळी बाकीच्या स्पीकरांशी जुळलेली नसते, म्हणून रिसीव्हरचे कॅलिब्रेशन, म्हणजे मायक्रोफोनने मोजून स्पीकरांची पातळी जुळवणे, नव्याने करणे भाग आहे. डेनॉन आणि मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहामध्ये वायपीएओ अशा नावांनी ही सोय असते. बायपास असेल, तर मायक्रोफोन लावून ती चालवावी, काम झाले.

बायपास नसलेल्या इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरची ‘ऑक्स’ किंवा कोणतीही लाइन इनपुट यासाठी चालते, फक्त ॲम्प्लिफायरच्या आवाजाच्या कळीची जागा कायमची ठरवावी लागते. कळ मध्यावर, म्हणजे घड्याळातील बाराच्या जागी ठेवून कॅलिब्रेशन करावे आणि नंतर रिसीव्हरने फ्रंट स्पीकरांसाठी किती डेसिबलची दुरुस्ती लावली, ते मेनूत पाहावे. ती उणे १२ सारख्या टोकाला गेली असेल, तर कळ थोडी खाली आणून पुन्हा मोजावे. अधिक १२ कडे गेली असेल, तर वर न्यावी. फ्रंटची दुरुस्ती सेंटर स्पीकरच्या जवळपास आली, म्हणजे कळीची जागा बरोबर आहे.

ही जागा लक्षात राहील, असे समजू नये. आमच्याकडे एकदा दुपारी भजने ऐकताना कळ खाली आणली गेली आणि रात्री चित्रपटातील संवाद ऐकू येत असूनही पार्श्वसंगीत कुठे लोपले, ते शोधण्यात अर्धा तास गेला. तेव्हापासून कळीच्या कडेला आणि समोरच्या पट्टीवर मोत्याएवढे दोन पांढरे ठिपके चिकटवलेले आहेत. चित्रपट लावण्यापूर्वी ठिपक्यासमोर ठिपका आणला, की झाले.

गुणगुण आल्यास

सर्व काही जोडल्यावर स्पीकरमधून बारीक पण सतत ‘हूँऽ’ असा आवाज येत असेल, तर तो बहुधा अर्थ लूपचा, म्हणजे यंत्रे एकाहून अधिक वाटांनी अर्थला जोडली गेल्याचा, असतो. दोन्ही यंत्रांचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डात घालून पाहावे. तरीही तो थांबला नाही, तर सेट-टॉप बॉक्सला येणारी केबल टीव्हीची जाड वायर काढून पाहावी, कारण पुष्कळदा दोष तेथेच सापडतो. मग त्या वायरीवर आयसोलेटर (अर्थचा जोड तोडून संकेत मात्र जाऊ देणारा) बसवून घ्यावा. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढण्याचा सल्ला काही जण देतात. तो कदापि मानू नये, ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

सबवूफर आणि ऐकण्याची कसोटी

रिसीव्हर बंद ठेवून संगीत ऐकताना रिसीव्हरला जोडलेला सबवूफर मुका राहतो. मोठे, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर असतील, तर त्याची उणीव भासणार नाही. लहान स्पीकर असतील, तर ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवरून सबवूफरच्या हाय-लेव्हल (स्पीकरच्या पातळीचा संकेत घेणाऱ्या) इनपुटला पातळ वायर न्यावी आणि रिसीव्हरकडून येणारी केबल त्याच्या एलएफई (चित्रपटातील खर्जाच्या वाहिनीच्या) इनपुटला ठेवावी. मात्र ॲम्प्लिफायरचे आऊटपुट ब्रिज्ड पद्धतीचे (लाल-काळ्या दोन्ही टर्मिनलांवर संकेत असलेले) असल्यास आधी त्याची पुस्तिका वाचावी. रिसीव्हरमध्ये फ्रंट स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर (ज्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ ठेवला, म्हणजे चित्रपटाच्या वेळी तोच खर्ज दोन वाटांनी सबवूफरकडे जात नाही.

शेवटी रिसीव्हर बंद करून तबल्याची साथ असलेले, तुमच्या कानात बसलेले एखादे ध्वनिमुद्रण लावावे. सबवूफरचा क्रॉसओव्हर ५० ते ६० हर्ट्झपासून सुरू करून हळूहळू वर न्यावा आणि डग्ग्यावरील मींड ऐकत राहावे. ती मींड स्पीकरांच्या मधून येत असेल, तोवर ठीक. ज्या क्षणी सबवूफर ठेवलेल्या कोपऱ्यातून डग्गा ऐकू येऊ लागेल, त्या क्षणी क्रॉसओव्हर थोडा मागे घेऊन तेथेच ठेवावा.