यंत्रमाग कामगारांची स्पायरोमेट्री: अभ्यासासाठी फुंक कशी घ्यावी

कापसाच्या धुळीने फुफ्फुसांचं काय होतं हे तपासायला सोलापुरात कामगार शोधत फिरावं लागत नाही. चादरी-टॉवेलचे माग अक्कलकोट रोड एमआयडीसीपासून पूर्व भागातल्या गल्ल्यांपर्यंत पसरलेत. घोडं अडतं ते मोजमापात, म्हणजे स्पायरोमेट्रीत: यंत्राच्या नळीत जोरात फुंकायला लावून फुफ्फुसातली हवा मोजण्यात. अर्धवट फुंकीचा आकडा धडधाकट माणसालाही आजारी ठरवतो.

एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय एकही फुंक घेऊ नका. संमतीपत्र मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत हवं. वाचता न येणाऱ्याला ते निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवा, अंगठा घ्या, साक्षीदाराची सही घ्या आणि एक प्रत कामगाराला द्या. मालक किंवा मुकादम त्या वेळी खोलीत नको. त्याच्या देखत दिलेल्या होकाराला अर्थ नाही. रिपोर्टही त्याच्या हाती पडता कामा नये.

दिवस कोणता निवडता यावर निम्मं काम अवलंबून आहे. बिसिनोसिसमध्ये, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारात, छाती आवळल्यासारखी होते ती साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला. सुरुवातीच्या टप्प्यात पुढच्या दिवसांत त्रास ओसरतो. आठवड्याच्या मध्याला तपासणी केली तर हाच आजार निसटतो. म्हणून त्या पहिल्या दिवशी पाळीआधी एकदा आणि पाळी सुटल्यावर एकदा मोजा. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, म्हणजे एफईव्ही-1, 5 टक्के किंवा 200 मि.लि. घटली तर त्या कामगाराचा पाठपुरावा ठेवा. सुट्टीचा वार प्रत्येक कारखान्यात विचारून लिहून ठेवा, गृहीत धरू नका.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी क्षयासाठी थुंकीची तपासणी, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. आठवड्याभरात हृदयविकाराचा झटका किंवा डोळ्याचं ऑपरेशन, चार आठवड्यांत छाती-पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर चाचणी पुढे ढकला.

यंत्र रोज 3 लिटरच्या सिरिंजने तपासा: हळू, मध्यम, जोरात. फरक 3 टक्क्यांच्या आत हवा. सिरिंज यंत्राजवळच, त्याच खोलीत ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीतून काढून लगेच वापरली तर आकडा चुकतो. मे महिन्यात पंखा बंद करणं जिवावर येतं, पण त्याचा झोत सेन्सरवर आला की शून्यच हलतं. निदान झोत तरी दुसरीकडे वळवा, नाहीतर सकाळी लवकर काम उरका.

उंची अनवाणी मोजा, विचारून लिहू नका. तंबाखू-गुटखा थुंकून चूळ भरायला लावा. घट्ट बसणारी कवळी तोंडातच राहू द्या. बिनचाकाची खुर्ची, पाय जमिनीवर, नाकाला क्लिप, प्रत्येकाला नवा फिल्टर.

आता फुंक. छाती पूर्ण भरून घ्यायला सांगा, ओठ घट्ट मिटवा आणि क्षणही न थांबता एकदम जोरात सोडायला लावा. फुंक शेवटपर्यंत चालू राहावी म्हणून मोठ्याने सांगत राहा, त्याच्याच भाषेत: तेलुगूत ‘ऊदंडी, इंका, इंका’ (फुंका, अजून, अजून), कन्नडमध्ये ‘ऊदि, इन्नू’ (फुंका, अजून). मराठीतून ओरडलात तर मावशी नुसत्या तोंडाकडे बघत राहतात. आलेख सपाट होईपर्यंत किंवा 15 सेकंद पूर्ण होईपर्यंत फुंक थांबू देऊ नका; चक्कर आली तर मात्र तिथेच थांबा.

आलेखाचं टोक बोथट आलं म्हणजे सुरुवात कचरत झाली. पहिल्या सेकंदात खाच दिसली तर खोकला. शेवट कड्यासारखा तुटला तर फुंक मध्येच सोडली. जीभ नळीत शिरली की प्रवाह ठेचकाळत येतो. असे प्रयत्न बाद करा. तीन चांगल्या फुंका हव्यात, आणि सर्वोत्तम दोहोंत 150 मि.लि.पेक्षा जास्त फरक नको. आठ प्रयत्नांत जमलं नाही तर माणसाला दमवू नका, दुसऱ्या दिवशी बोलवा.

श्वासनळ्यांतला अडथळा कायमचा आहे का हे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध देऊन पाहायचं असेल तर त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. औषध दिलं की पाळीआधी-पाळीनंतरची तुलना बिघडते. स्पेसरमधून (इनहेलरला जोडायच्या नळकांड्यातून) सालब्युटामॉल या औषधाचे 100 मायक्रोग्रॅमचे चार फवारे एकेक करून द्या. हात थरथरतील, धडधडेल, हे आधीच सांगा. 15 मिनिटांनी पुन्हा फुंक. तेव्हाही एफईव्ही-1 भागिले एफव्हीसी (पूर्ण फुंकीत बाहेर पडलेली एकूण हवा) 0.70 च्या खाली राहिलं तर सीओपीडीचा, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा, संशय धरून त्या माणसाला चिठ्ठीसह सर्वोपचार रुग्णालयाच्या छातीविकार विभागात पाठवा, आणि तो पोहोचला का हे पुढच्या आठवड्यात फोन करून विचारा.