वणव्याआधी घराची तयारी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात सुगी आटोपली की डोंगरउतारावरचे गवत पिवळे पडते, आणि फेब्रुवारीपासून वळीव पडेपर्यंत जांबोटी, कणकुंबीकडचे रान एका काडीवर पेटेल असे होऊन बसते. मार्च 2023 मध्ये सीमेपलीकडे गोव्यातील म्हादई अभयारण्यात दिवसेंदिवस आगी धुमसत होत्या. बेळगावच्या कडेला माळ मोडून वसलेल्या नव्या वसाहतींची घरेही आता वाळक्या गवताला टेकली आहेत, म्हणून पुढील कामे होळीच्या आधी उरकावीत.

सुरुवात छपरापासून करावी. ज्वाळांची भिंत चालत येऊन घर गिळते असे आपल्याला वाटते; प्रत्यक्षात पुष्कळ घरे वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात, आणि वारा जोराचा असला तर ठिणगी किलोमीटरभर अंतरही ओलांडते. नोव्हेंबर 2018 मध्ये कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव वणव्यात जळाले, 85 माणसे दगावली, आणि तेथे कित्येक घरांची राख झाली असताना शेजारची झाडे हिरवी उभी होती. मंगलोरी कौल स्वतः जळत नाही; पण एखादे कौल उचलून पाहावे, खाली फणसाची वाळकी पाने, चिमणीच्या घरट्यातल्या काड्या आणि उंदराने ओढून नेलेल्या चिंध्या सापडतात. ठिणगीला एवढे पुरते. तेव्हा फुटकी कौले बदलावीत, पन्हळीतला पाला काढावा आणि माळ्याच्या झरोक्यांना तीन मिलिमीटरपेक्षा मोठी भोके नसलेली लोखंडी जाळी बसवावी.

त्यानंतर भिंतीलगतची पाच फूट जागा मोकळी करावी. सरपण, शेणी, प्लास्टिकच्या खुर्च्या तेथे नकोत. गवताची गंजी निदान तीस फूट दूर रचावी, आणि घर उतारावर असेल तर खालच्या बाजूला त्याहून अधिक अंतर राखावे, कारण आग चढावर वेगाने धावते. गोळा केलेला पाला परड्यात पेटवू नये, खड्ड्यात कुजवावा. (वणव्याला नावे ठेवणारेच भर दुपारी कचरा पेटवून जेवायला बसतात, हे सांगायला नको.)

वीज गेली की बोअरचा पंप बंद पडतो, म्हणून पिंपे भरलेली असावीत.

फोनजवळ 112 आणि 101 हे क्रमांक, घराचा पत्ता व जवळची खूण मराठी आणि कानडी दोन्हींत लिहून चिकटवावी. पलीकडून कानडीत विचारणा होईल असे धरून ‘गुड्डक्के बेंकी बिद्दिदे’ (डोंगराला आग लागली आहे) एवढे वाक्य घरातल्या म्हाताऱ्यांनाही पाठ असावे. उतारा, रेशनकार्ड आणि औषधे एका पिशवीत ठेवावीत, गाडीचे तोंड रस्त्याकडे असावे. निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या लावाव्यात, गोठ्यातल्या जनावरांची दावी सोडावीत आणि अंगावर नायलॉनऐवजी सुती कपडे असावेत.

अधिकाऱ्यांनी परत येण्यास परवानगी दिल्यावर प्रथम माळ्यावर बॅटरी मारून पाहावे आणि पहिली रात्र कोणीतरी जागे राहून तासातासाला तीच फेरी मारावी, कारण कौलाखालची ठिणगी बाहेरची आग विझल्यावरही तासन्‌तास धुमसत राहते.