जुन्या चित्रांतून विनोदी गेम बनवताय? या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी लॅपटॉप घेऊन माझ्या दादरच्या घरी येतं. युरोपातली जुनी चित्रं कापून-जोडून पॉइंट-अँड-क्लिक गेम (चित्रातल्या वस्तूंवर क्लिक करत पुढे जायचा खेळ) केलेला असतो, कल्पना झकास असते आणि पाच मिनिटांत त्याच त्या चुका दिसायला लागतात. चांगला गेम असा वाया जाताना बघवत नाही, म्हणून लिहितोय.

सगळ्यात जास्त चीड येते ती पात्र आरशातल्यासारखं उलटवण्याची. त्याला डावीकडे चालवायचंय ना, मग एक बटण दाबलं की झालं! मग शिपायाची तलवार डाव्या हातात जाते, संत डाव्या हाताने आशीर्वाद देतो आणि मागच्या चित्रावर उजेड डावीकडून पडत असताना याच्या नाकाची सावली भलत्याच बाजूला पडते. खेळणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं आणि विनोद तिथेच पडतो. दुसऱ्या बाजूला तोंड असलेली आकृती शोधा. मी एका पात्रासाठी दोन-दोन दिवस संग्रहालयांचे संग्रह चाळतो. ज्याला तेवढा धीर नाही, त्याने स्वतः चित्रं काढून गेम करावा.

लहान फोटो ताणून मोठा करू नका. जुन्या रंगावर बारीक तडे असतात. आकृती दुप्पट केली की तिच्या गालावरचे तडेही दुप्पट रुंद होतात आणि शेजारच्या बाईच्या गालावर ते केसाएवढेच राहतात. मोठं स्कॅन घ्यायचं आणि ते फक्त लहान करायचं. आम्सटरडॅमचं राइक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट ही संग्रहालयं कॉपीराइट संपलेल्या हजारो चित्रांची मोठी स्कॅन फुकट देतात, तेव्हा सबब चालणार नाही.

आकृती मॅजिक वाँडने (सारख्या रंगाचा भाग आपोआप निवडणाऱ्या साधनाने) कापू नका, कडेला फिकट रेघ राहते. हात कापताना खांद्याखाली थोडा भाग जास्तीचा ठेवा, नाहीतर हात वर गेला की खांद्यात भोक दिसतं.

आता भाषेचं. मी सोळाव्या शतकातला चित्रकार पीटर ब्रॉइगेल याचं ‘नेदरलँडिश प्रॉव्हर्ब्ज’ वापरलं होतं. १५५९ चं, ओकच्या फळीवरचं तैलचित्र, बर्लिनच्या गेमेल्डेगॅलरीत आहे. एकाच गावात शंभराहून जास्त डच म्हणी माणसांच्या रूपात वावरतात. समोरच्या भागात एकजण वासरू बुडाल्यावर फावड्याने खड्डा बुजवतोय. मला वाटलं, आपली ‘बैल गेला आणि झोपा केला’ इथे चपखल बसते. फावडं उचलायचंय हे खेळणाऱ्याला कळावं म्हणून तीच ओळ त्याच्या तोंडी घातली आणि दहावीतल्या भाचीला खेळायला बसवलं. तिने फावड्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पुढच्या दृश्यात जाऊन पलंगावर क्लिक, पुन्हा क्लिक, मग उशीवर, मग पांघरुणावर. वीस मिनिटांनी रडवेली होऊन म्हणाली, “मामा, तोच म्हणाला ना झोपा म्हणून?”

झोपा म्हणजे गोठ्याचं झापाचं दार, हे मुंबईत वाढलेल्या मुलीला कुठून माहीत असणार? आणि माहीत असतं, तरी तिने दारच शोधलं असतं, जे चित्रात नाही. चित्रात खड्डा आहे, वासरू आहे, फावडं आहे. मी ओळ बदलली: “वासरू गेलं, आता खड्डा बुजवतोय.” दुसऱ्या मुलाने पहिल्याच फटक्यात फावडं उचललं. तेव्हापासून माझी सवय अशी: संवाद लिहिताना चित्र पूर्ण स्क्रीनवर उघडं ठेवायचं आणि ओळीतलं प्रत्येक नाम चित्रात बोटाने दाखवता आलं पाहिजे. म्हण आवडली म्हणून घुसवायची नाही.

अशा गर्दीच्या चित्रात प्रत्येक गाडगं-मडगं क्लिक करण्यासारखं दिसतं. दहा जागांवर काहीच झालं नाही की माणूस अकरावी बघत नाही. म्हणून जे जे हाताळण्यासारखं दिसतं, त्याला निदान एक ओळ लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण हसू बहुतेक तिथेच सापडतं. किल्लीसारख्या बारीक वस्तूभोवती क्लिकची जागा ऐसपैस ठेवा.

संगीताबद्दल एवढंच: संगीतकार बाख १७५० मध्ये गेला, म्हणून त्याचं कालचं रेकॉर्डिंग फुकट होत नाही. चित्रांसाठी आपल्याकडे कॉपीराइटचा चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा नियम आहे. बऱ्याच देशांत तो ७० वर्षांचा आहे. गेम बाहेर विकणार असाल तर ७० धरून चाला.

आणि घाई करणाऱ्यांना मी आधी काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाठवतो. टाटांच्या संग्रहातली युरोपीय चित्रं तिथे आहेत. एकाच चित्रासमोर अर्धा तास उभं राहायचं, उजेड कुठून येतो आणि कोण कुणाकडे बघतंय ते वहीत लिहायचं. वही भरून आणली की मग लॅपटॉप उघडू.