डीएचसीपीचा पूल आखताना

नेटवर्कला नव्याने जोडलेल्या यंत्राकडे आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची आकड्यांतली ओळख, नसतो. ते ०.०.०.० वरून २५५.२५५.२५५.२५५ कडे, म्हणजे सगळ्यांनाच उद्देशून, ‘डिस्कव्हर’ पाठवते. डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे असे पत्ते आपोआप वाटणारी यंत्रणा, ‘ऑफर’मध्ये पत्ता सुचवतो, यंत्र ‘रिक्वेस्ट’ करून तोच मागते, आणि ‘अ‍ॅक’ आला की पत्ता ठरावीक मुदतीपुरता, म्हणजे लीजवर, त्याचा होतो. सबनेट मास्क (आपल्या नेटवर्कची हद्द), गेटवे (बाहेर जाण्याचा रस्ता, बहुधा राउटर) आणि डीएनएस (संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधणारा सर्व्हर) हेही त्याच पाकिटातून मिळतात.

राउटरच्या लॅन (आतल्या नेटवर्कच्या) सेटिंगमध्ये डीएचसीपी सर्व्हर सुरू करा. राउटर १९२.१६८.१.१ वर आणि मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पूल, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, .१०० ते .१९९ (पत्त्याचा शेवटचा आकडा) ठेवा. .२ ते .९९ हे पत्ते प्रिंटर, कॅमेरे यांच्यासाठी मोकळे सोडा. हाताने दिलेला पत्ता पुलाच्या आत आला, तर सर्व्हर तोच दुसऱ्या कुणाला देऊ शकतो आणि दोन्ही यंत्रे अडखळतात. त्यापेक्षा मॅक पत्त्यावर (यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख-क्रमांकावर) रिझर्व्हेशन करणे, म्हणजे त्या यंत्रासाठी सर्व्हरवरच एक पत्ता राखून ठेवणे, कधीही चांगले, कारण सगळी नोंद एकाच ठिकाणी राहते. काही राउटरांना मात्र रिझर्व्हेशनचा पत्ता पुलाच्या आतलाच लागतो. फोनसाठी रिझर्व्हेशन करणार असाल, तर त्या वायफायपुरता त्याचा ‘रँडम मॅक’ (खऱ्याऐवजी बनावट मॅक पत्ता दाखवण्याची सोय) आधी बंद करा.

लीज साधारण २४ तास पुरे. पाहुण्यांच्या वायफायवर १-२ तास, नाहीतर निघून गेलेले फोन पत्ते अडवून बसतात. निम्मी मुदत सरली की यंत्र त्याच सर्व्हरकडे नूतनीकरण मागते. उत्तर नाही आले, तर सात-अष्टमांश मुदतीनंतर कोणत्याही सर्व्हरकडे. म्हणूनच बदललेला डीएनएस लगेच सगळीकडे पोचत नाही. मोठा बदल करायचा असेल, तर लीज आदल्या दिवशीच तासाभरावर आणा.

विंडोजमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर सर्व्हरचे उत्तर आलेले नाही. आधी केबल तपासा, मग पूल संपलाय का ते पाहा, शेवटी फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारी यंत्रणा): सर्व्हरला यूडीपी या संदेशपद्धतीचे ६७ आणि यंत्राला ६८ हे पोर्ट (वाहतुकीची क्रमांकित दारे) मोकळे लागतात.

पत्ता मिळाला पण गेटवे भलताच असेल, तर बहुधा कुणीतरी दुसरा राउटर जोडलेला असतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ (ipconfig /all) ही आज्ञा देऊन डीएचसीपी सर्व्हरची ओळ वाचा, म्हणजे उत्तर देणारा सापडेल. त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला पुलाबाहेरचा पत्ता द्या आणि मुख्य राउटरकडून येणारी केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) नव्हे, लॅन पोर्टमध्ये लावा.